सादूच्या लेकी

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत माझ्या नोकरीची लाज वाटत असे. मयिलापूरच्या घरी कुणी विचारलं, सून काय करते, की त्या पदर सारखा करून म्हणायच्या, "गवर्मेंटांत आहे. गाईंचें कांहीं करते." तंजावरकडच्या जुन्या मराठीतलं हे उत्तर, त्यावर तमिळ हेल. समोरचा माणूस आणखी काही विचारायच्या आत त्या कॉफी आणायला आत पळायच्या. बिचाऱ्या काय सांगणार? त्यांची सून कराडहून जनावरांची डॉक्टर होऊन आली होती आणि वळूंचं वीर्य कांड्यांत भरून गोठवायच्या खात्यात कामाला लागली होती. हे वाक्य तेव्हा मद्रासच्या देशस्थ घरात उच्चारण्याजोगं नव्हतं. अजूनही नसावं, पण आता मी साठी ओलांडली आहे आणि मला लिहायला जागा मिळाली आहे, तेव्हा गुमान ऐका.

आधी माझा धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. हल्ली गाईला वळू दाखवत नाहीत. वळू असतो केंद्रावर, आणि त्याचं वीर्य शाईच्या रिफिलसारख्या बारीक नळीत, म्हणजे कांडीत भरून अतिथंड नायट्रोजनच्या पिंपात बुडवून ठेवतात. तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. वळू मेला तरी कांड्या राहतात. गाय माजावर आली, म्हणजे तिची गाभण राहायची वेळ आली, की माणूस कांडी घेऊन गोठ्यात जातो आणि काम करून येतो. पूर्वी मी ते पिंप घेऊन तांबरमहून बसने जायची. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर पडते. एकदा तर बॉम्ब आहे म्हणून सगळी बस रिकामी झाली आणि कंडक्टर मला उतरवून मगच पुढे गेला. पुढच्या बसच्या कंडक्टरने पिंपाचं अर्धं तिकीट मागितलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, यात किती प्रवासी आहेत ते कळलं तर तू राजीनामा देशील.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कुणाला काळंपांढरं वासरू हवं, कुणाला शिंगांवरून बाप ओळखायचा. मयिलापूरच्याच एका गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक मामा एक गाय पाळून होते. त्यांनी मला वळूचं जन्मनक्षत्र विचारलं. त्यांच्या गाईचं पुष्य, म्हणून जुळतं का ते बघायचं होतं. मी जराही न चाचरता रोहिणी म्हणून सांगितलं. गाय पहिल्याच खेपेला गाभण राहिली. मामांनी नंतर निम्म्या गल्लीला सांगितलं, की या डॉक्टरम्मांकडे पत्रिका बघून काम होतं.

पण माझं खरं काम कांड्या भरण्याचं नव्हतं. कुठल्या वळूच्या भरायच्या, हे ठरवण्याचं होतं. इथेच सगळी गंमत आहे. वळू काही दूध देत नाही. मग तो दुधाळ वंशाचा आहे की नाही, हे कळायचं कसं? त्याच्या लेकींवरून. तरण्या वळूच्या थोड्या कांड्या गावोगाव वाटायच्या, कालवडी जन्मू द्यायच्या, त्यांच्या कानात बिल्ला मारायचा, त्या मोठ्या होऊन व्यायल्या की आमच्या माणसांनी महिन्यामहिन्याला जाऊन त्यांचं दूध मोजायचं. मग सगळ्या वळूंच्या लेकींची तुलना करायची. ज्याच्या लेकी सरस तो वळू पहिला, आणि त्याच्या कांड्या सगळ्या मुलुखात जाणार. ज्याच्या नीरस, त्याच्या कांड्या टाकून द्यायच्या. यात किती वर्षं जातात, हिशेब करा. निकाल लागतो तेव्हा वळू म्हातारा झालेला असतो, नाहीतर मेलेला. वळूचं प्रगतिपुस्तक हाती येतं तेव्हा तो वर्गात नसतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे दूध आणि गर्भ यांचं पटत नाही. नुसतं दूध बघून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत गेलं की गाई दूध भरपूर देतात, पण गाभण राहीनाशा होतात. घरातलं सगळं पीठ पाहुण्यांना वाढलं की घरच्यांच्या पानात काय पडणार? व्यायल्यावर गाय अंगचं झिजवून दूध देते, माज दाखवत नाही, दाखवला तरी मुका, न हंबरता. कांडी भरावी तर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर. आपण म्हणतो, गाय उलटली. त्यात आमचा हा चेन्नईचा घामट उन्हाळा. कत्तिरीच्या, म्हणजे वैशाखातल्या कडक उन्हाच्या दिवसांत तर इथे माणसाला जेवण जात नाही, गाय काय गाभण राहणार? आणि गाभण राहायचा गुण आईबापांकडून उतरतो तोही अगदी बारीक धाग्याने. चारा, ऊन, मालकाची नजर, या सगळ्यांखाली तो दबून जातो. एखाद्या वळूत तो आहे की नाही, हे खूप लेकी बघितल्याशिवाय दिसत नाही.

आमच्या केंद्रावर एक वळू होता. नंबर त्याला होताच, पण गोठ्यातली माणसं त्याला सादू म्हणायची. तमिळमध्ये सादू म्हणजे गरीब स्वभावाचा. इतर वळू नाकातल्या कडीशिवाय हलायचे नाहीत, हा माणसाच्या मागे चालत यायचा. रंग मातकट, बांधा मध्यम, नजर भरावी असं काही नाही. माझा त्याच्यावर उगाचच जीव होता. दुपारी डबा खाऊन झाला की मी त्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहायची आणि त्याच्याशी मराठीत बोलायची. चेन्नईत तेव्हा माझ्याशी माझ्या कराडच्या मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. घरी सासूबाईंची तंजावरी, नवरा तमिळ-इंग्रजी मिसळून बोलणारा. सादू मान वाकडी करून ऐकायचा. नवरा म्हणायचा, तुझं माहेरचं माणूस बरं आहे ना?

माहेरची आठवण निघाली म्हणून सांगते. आमच्या आईकडे दारात दुभतं होतं, आणि लग्न ठरल्यावर ती हसत हसत रडत म्हणाली होती, "जवळ दिली असती तर गाय दिली असती गं बरोबर. एवढ्या लांब गाय कशी पोचायची?" मी म्हटलं होतं, नको बाई, मी दुसऱ्यांच्याच गाई बघायला चाललेय. आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होते. कराडला पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. ते असो.

सादूच्या पायाला दुखणं झालं आणि लेकींचा निकाल लागायच्या आधीच तो गेला. निकाल लागला तेव्हा तो तळाला होता. त्याच्या लेकींचं दूध बेताचं, आणि ज्या थोड्या मोजल्या गेल्या त्यातल्या बऱ्याच उलटणाऱ्या. मला आश्चर्य वाटलं, पण मायेने आकडे बदलत नाहीत. त्याच्या कांड्या काढून टाकायचं ठरलं.

त्याच सुमाराला राजम्मांच्या लेकीचं लग्न निघालं. राजम्मा म्हणजे तांबरमच्या पलीकडे एका गावात गाई पाळणाऱ्या बाई. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात सतत विडा. आमच्या चाचणीतल्या कालवडी त्यांच्याकडे होत्या, म्हणून माझं जाणं-येणं. त्यांनी आग्रहाने बोलावलं आणि मी एका रविवारी सकाळी लग्नाला गेले. मांडवाच्या बाहेर एक कालवड न्हाऊन उभी होती. शिंगांना हळद, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी टेम्पोत भांडी, पलंग, कपाट चढवणं चाललं होतं. मी सवयीने कालवडीचा कान धरला आणि बिल्ला बघितला. सादूची लेक होती. आमच्या माणसांनी ती 'बाहेर जाणार' म्हणून हिशेबातून आधीच काढून टाकलेली होती.

राजम्मांना विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, की एवढंही या बाईला कळू नये. त्यांच्याकडे लेकीबरोबर सीर पाठवतात. सीर म्हणजे माहेरचा आहेर, भांडीकुंडी, फर्निचर सगळं. आणि गाई पाळणाऱ्या घरातून त्यात एक कालवड असतेच. ती कुठली द्यायची, हे आई ठरवते. मी विचारलं, कशावरून ठरवता?

"गाभण राहणारी देतात, डॉक्टरम्मा," राजम्मा म्हणाल्या. "सासरी जाऊन गाय उलटली, तर बोट गाईकडे नाही जात, माझ्या पोरीकडे जातं. वाईट कालवड आई स्वतःकडे ठेवते."

मी तिथेच एका खुर्चीवर बसले. नादस्वरम वाजत होतं, लोक माझ्या हातात पान-सुपारी देत होते, आणि माझ्या डोक्यात आमचा सगळा निकाल उलटापालटा होत होता. राजम्मांच्या बोलण्यावरून कळलं, त्या गावांत आमच्या या मातकट कालवडींना, म्हणजे सादूच्याच लेकींना, सीर म्हणून मागणी होती. लवकर माजावर येतात, पहिल्या खेपेला राहतात, लाथ मारत नाहीत, नव्या नवरीला धार काढू देतात. म्हणजे चांगल्या चांगल्या सगळ्या नवऱ्यामुलींच्या मागोमाग टेम्पोत बसून गेल्या होत्या, कुणी कोवलमकडे, कुणी आणखी कुठे, आमच्या मोजणीच्या हद्दीबाहेर. मागे राहिल्या त्या आयांनी स्वतःकडे ठेवलेल्या. आम्ही सादूला जोखलं होतं ते त्या राहिलेल्यांवरून. एवढी शिकलेली माणसं आम्ही, भरपूर आकडेमोड केली, पण लेक सासरी जाते हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब चांगला माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मालतीबाई, शुक्रवारीच झालं ते काम." मी मागच्या अंगणात गेले. कांड्या पिंपातून काढून उन्हात फरशीवर टाकल्या की काही क्षणांत संपतं, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. सादूच्या कांड्या पिवळ्या होत्या. झाडून कोपऱ्यात ढीग करून ठेवला होता, अजून उचलला नव्हता. मी त्यातल्या दोन-चार हातात घेतल्या, गरम झाल्या होत्या. मला त्या दिवशी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शिपायाला वाटलं, घरी कुणी गेलं.

तुम्ही म्हणाल, एका बैलाचं एवढं काय? सांगते. पुढे वर्षं गेली आणि सगळीकडून एकच रड ऐकू येऊ लागली, गाई राहत नाहीत. गोठ्यात ठणठणीत, दूध बादल्या भरून, आणि कूस रिकामी. लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, मॅडम, दूध थोडं कमी चालेल, पण वर्षाला वासरू देणारी द्या. दर वेळी मला सादू आठवायचा. या दमट हवेत, चाऱ्याच्या नावाखाली भाताचा पेंढा खाऊन, ज्याच्या लेकी वेताला वेत देत होत्या तो आमच्या हातात होता. नुसता होता नव्हे, पिंपभर होता. मला त्याची जी ओढ लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. दौऱ्यावर कुठेही गेले की मी विचारायची, तुमच्याकडे सून म्हणून आलेल्या कुणाबरोबर बिल्ल्याची कालवड आली होती का? लोक मला वेडी समजत. काही माग लागले, पण गाय विकलेली असायची, नाहीतर मेलेली, नाहीतर नुसते गोऱ्हे झालेले आणि तेही गेलेले. राजम्मांच्या लेकीच्या सासरी मात्र मी कधी विचारलं नाही; तिथलीही गेलेली निघाली तर शोधायला काही उरणार नव्हतं. आमच्या धंद्यात गोऱ्ह्याला किंमत नाही. दूध न देणारं तोंड कोण पोसतो? चेन्नईच्या गल्ल्यांतून एके काळी गवळी मेलेल्या गोऱ्ह्याच्या कातड्यात पेंढा भरून तो काखेत मारून हिंडायचे, गाईला दाखवून पान्हा सोडवायला. ते मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि विसरले नाही.

परवाच्या वर्षी राजम्मा गेल्या. वयाने गेल्या, पण बातमी ऐकून मला घरात बसवेना. मी भेटायला गेले तेव्हा देवकी तिथे होती, तीच, जिच्या लग्नात मी खुर्चीत बसून राहिले होते. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेले. कोवलमच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला तिचं सासर. रडून झालं, कॉफी झाली, आणि मी न राहवून विचारलंच, ती कालवड पुढे किती जगली?

देवकीने डोळे पुसले आणि हसली. खूप जगली, म्हणाली. म्हातारपणापर्यंत व्यायली. तिची शेवटची लेक अजून दावणीला आहे, वळ्ळी नाव. तीही आता म्हातारीच, पण अजून राहते.

दुसऱ्या दिवशी मी कोवलमच्या बसमध्ये होते. उतरून वाळूतून चालत गेले. वळ्ळी शेवग्याखाली उभी होती. मातकट रंग, मध्यम बांधा. मी जवळ गेले आणि काहीतरी पुटपुटले, मराठीतच. तिने मान वाकडी केली. आता गाई मान वाकडी करतातच, मला ठाऊक आहे, मी डॉक्टर आहे. पण मी बराच वेळ तिच्याशी बोलत राहिले.

देवकीला मी सरळ सांगितलं, मला हिच्यापासून गोऱ्हा हवा आहे. कालवड झाली तर वर्षाला एक वासरू देईल आणि सादूचा अंश दर पिढीला निम्मा होत विरून जाईल. पण गोऱ्हा झाला, वाढला, वळू झाला, तर त्याच्या कांड्या शेकडो गोठ्यांत जातील. वळ्ळी म्हणजे सादूची नात, रुपयातले चार आणे. तिच्या पोटी येईल तो दोन आणे. दोन आण्यांत तो गुण उतरेलच याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि माझ्या हाताखाली कुणी असं बोललं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण वळ्ळीचं हे शेवटचंच वेत होतं. यानंतर दोन आणेही राहणार नव्हते.

केंद्रावर आता साहेबांच्या खुर्चीत प्रभू बसतो. माझ्या हाताखाली शिकलेला, हुशार मुलगा. हल्ली लेकींची वाट बघावी लागत नाही, वासराचे चार केस दिले की त्यातून त्याची कुवत वाचतात. प्रभूने माझं सगळं ऐकून घेतलं. बरोबर साहेब ऐकायचे तसंच. मग म्हणाला, "मॅडम, गोऱ्हा झाला तर केस आणा. तपासतो, आणि चांगला निघाला तर केंद्रावर त्याला जागा मी देतो." एवढं मला पुरे होतं.

वळ्ळी माजावर आली तेव्हा कत्तिरी तोंडावर होती. कांडी भरायला आलेल्या माणसाने पिशवीतून लगेच नव्या तऱ्हेची कांडी काढली. आता अशी कांडी निघाली आहे, की बहुतेक कालवडच होते. मी म्हटलं, साधी भरा. त्याला वाटलं, म्हातारीला माहीत नाही, म्हणून त्याने मलाच समजावून सांगायला सुरुवात केली. त्याच्या सगळ्या नोकरीत गोऱ्हा मागणारी दोन माणसं त्याला आम्हीच भेटलो असणार. शेजारणीही जमल्या. देवकीने सगळ्यांना बजावलं, की या खेपेला मारुतीला नवस गोऱ्ह्याचा आहे. कुणी मध्ये कालवड मागू नये.

ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, वळ्ळी पहिल्या खेपेला राहिली. उलटली नाही. मी देवकीला फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते, नक्की ना? शेवटी जाऊन मी स्वतःच तपासलं, एकदा नाही, दोनदा. मी आयुष्यभर हेच काम केलं आहे आणि दोनदा कधी तपासलं नव्हतं.

मग वाट बघणं. गाईचेही बाईसारखेच नऊ महिने आणि वर थोडे दिवस. त्या काळात मी जितक्या वेळा कोवलमच्या बसमध्ये बसले तितक्या वेळा नोकरीत असताना बसले नसेन. माझी लेक डब्लिनहून विचारायची, अम्मा, हल्ली फोन उचलत का नाहीस? तिला तमिळमध्ये सांगायचं की इंग्रजीत, हे ठरेपर्यंत माझी बस यायची. मी चारा सांगायची, देवकी तिला हवं तेच करायची. दुपारी दोघी शेवग्याखाली बसायचो. तिची मुलगी अंबत्तूरला एका कंपनीत होती आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. देवकी म्हणायची, आईने मला दिली, मी लेकीला द्यायला पाहिजे. पण मुलीने आधीच सांगून टाकलं होतं, की चौथ्या मजल्यावर गाय चढत नाही.

वळ्ळी व्यायली ती एका दुपारी. फोन आला तशी निघाले, पण मी पोचेपर्यंत पुढचे पाय आणि नाक बाहेर आलं होतं. मला फक्त थोडा हात द्यावा लागला. वासरू पेंढ्यावर पडलं, शिंकलं, वळ्ळी वळली आणि चाटायला लागली. मातकट, ओलं, कान लोंबते. देवकीने वाकून मागचा पाय उचलला. मग पाय हळूच खाली ठेवला.

कालवड होती.

सारी वाडी खूश झाली. कालवड म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? कुणीतरी साखर आणली. मी गोठ्याच्या कठड्यावर बसले आणि माझे डोळे भरून आले. ते आनंदाचे अश्रू नव्हते, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, संपलं, सादू. तुला परत आणायची हीच एक वाट होती. प्रभूला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, निरोगी आहे ना? निरोगी होती. तासाभरात उभी राहून कासेला लागली होती.

वार पडली, वळ्ळीला गूळपाणी झालं, माणसं पांगली. देवकी आत जाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हळदीची वाटी होती. तिने बोट बुडवून वासराच्या कपाळाला लावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, की तुमच्या आईने तुम्हाला सीर काय दिली होती? मी म्हटलं, भांडी दिली, पितळेचा डबा दिला. गाय द्यायची होती, पण कराडहून मद्रासला गाय कशी पोचणार? म्हणून राहून गेली. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

"आमच्याकडे घरची कालवड मुलीला देतात," देवकी म्हणाली. "माझ्या पोरीला नको आहे. आता ही तुमची. माझी आई असती तर तिनेही तुम्हालाच दिली असती."

मी तांबरमला दुसऱ्या मजल्यावर राहते. दोन खोल्या, तुळशीची कुंडी, जिन्यात शेजाऱ्यांच्या स्कूटर. मी म्हटलं, अगं, ठेवू कुठे? ती म्हणाली, राहील इथेच, पण तुमची म्हणून राहील. मग तिने हळदीचं तेच बोट माझ्याही कपाळाला लावलं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर चिकाचं भांडं होतं, घरी जाऊन गूळ-वेलदोडा घालून मी त्याचा खरवस केला. करताना मला एक गोष्ट सुचली, ती इतकी वर्षं कशी सुचली नव्हती कुणास ठाऊक. आमच्याकडे पिंपात होता तो सादू उन्हात एका सकाळी संपला. मोजलेल्या लेकीही एकेक करून गेल्या. जी आम्ही मोजली नाही, जिला आम्ही हिशेबातून काढलं, तीच लेकीच्या मागोमाग सासरी गेली आणि टिकली. राजम्मांनी ती काही सादूचा वंश सांभाळायला म्हणून दिली नव्हती. पोरीला कुणी बोल लावू नये म्हणून दिली होती.

सादू परत येणार नाही, हे आता मला मान्य आहे. मान्य असलं तरी ओढ जात नाही, पिवळं काही उन्हात पडलेलं दिसलं की अजून वाकून उचलून बघते. कालवड मोठी होते आहे. मी आठवड्याला जाते, तिच्याशी कराडची मराठी बोलते, देवकी हसते. खरवस सेट झाला त्या संध्याकाळी मात्र मी पहिली वाटी आईच्या फोटोपुढे ठेवली होती. तिला एवढंच सांगायचं होतं, की उशीर झाला, पण गाय पोचली.